जावा-जावांची हायरॉक्स जोडी: धावणं तिचं, वजनं माझी – जमेल का?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, हायरॉक्स नावाच्या शर्यतीचं तिकीट काढून झालंय आणि पैसे परत मिळणार नाहीत. त्यामुळे "या वयात कशाला" हा सल्ला नको. तो सासूबाईंनी देऊन झालाय.

झालं असं, गणपतीत आम्ही सगळे ठाण्याला जमलो होतो. माझी धाकटी जाऊ (वय ३५, एका जागी बसणं माहीत नाही) मोदक वळता वळता म्हणाली, "ताई, आपण दोघी हायरॉक्स करू या." मला ते शाम्पूचं नाव वाटलं. रात्री आरती झाल्यावर तिने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले आणि दुसऱ्या दिवशी महिला डबल्समध्ये दोघींची नावं घातलीसुद्धा. मी हो म्हणाले तेव्हा माझ्या हातात झारा होता आणि कढईत पुऱ्या होत्या, एवढाच माझा बचाव.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या बंद हॉलमध्ये १ किमी धावायचं, मग ताकदीचं एक स्टेशन, परत १ किमी, परत स्टेशन, असं आठ वेळा. क्रम ठरलेला आहे. स्की-अर्ग (उभ्याने दोऱ्या खाली ओढायचं मशीन) १००० मीटर, मग वजनाची घसरगाडी (स्लेड) ५० मीटर ढकलायची, मग तशीच दुसरी दोराने ५० मीटर ओढायची, ८० मीटर बर्पी मारत उड्या (छाती जमिनीला लावून उठायचं आणि पुढे उडी), रोइंग (वल्ही मारायचं मशीन) १००० मीटर, दोन हातांत वजनं घेऊन २०० मीटर चालणं, खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन १०० मीटर लंजेस (एक पाय पुढे टाकून मागचा गुडघा टेकवत चालणं) आणि शेवटी १०० वॉल बॉल (बैठक मारून उठताना चेंडू भिंतीवरच्या खुणेवर मारायचा). बायकांच्या डबल्समध्ये ढकलायची स्लेड १०२ किलो, ओढायची ७८, हातातली वजनं १६-१६ किलो, पोतं १० किलोचं, बॉल ४ किलोचा.

आता आमची हकीकत. मी ४७ वर्षांची, पुण्यात बँकेत, दिवसाचे आठ तास खुर्चीत. आठवड्यातून चार दिवस सकाळी तळजाई. बीपीची एक छोटी गोळी. तीन वर्षं जिमला जाते, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) ६० किलो करते आणि ते सांगायला मला आवडतं. धावणं मात्र बेताचं. १ किमीला ७ मिनिटं १५ सेकंद, आणि ५ किमीच्या पुढे आयुष्यात कधी गेले नाही. जाऊ ५:४० ने धावते, तीन हाफ मॅरेथॉन झाल्यात. पण दहा किलो तांदूळ उचलून डब्यात ओतायचे तर आमच्या भावजींना हाक मारते.

म्हणून मी ठरवलंय की धावणं तिचं, वजनं माझी. दोन्ही स्लेड, हातातली वजनं आणि लंजेस पूर्ण मी करीन. बर्पी तिच्या. रोइंग आणि स्की अर्धं अर्धं, वॉल बॉल पन्नास-पन्नास.

अडचण अशी की माझ्या जिममध्ये स्लेड नाही आणि स्की-अर्गही नाही. रोइंग मशीन एक आहे, त्याचा पायाचा पट्टा तुटलाय, मी ओढणीने बांधते. ट्रेनर म्हणतो, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, स्क्वॉट वाढवू." घरी मी १० किलोची कणकेची पिशवी खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये लंजेस मारले. तिसऱ्या दिवशी पिशवी उसवली. पुढचं सांगत नाही, झाडू मीच मारला.

हातात १३ आठवडे आहेत. स्लेडशिवाय स्लेडची तयारी कशी करायची? आणि आमची वाटणी बरोबर आहे का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओ मी पुष्कळ बघितलेत.

---

गोरेगावकर

ताई, मी २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत गोरेगावच्या नेस्को हॉलमध्ये हायरॉक्स धावलोय. भारतातली ती पहिलीच. माझ्या ऑफिसातल्या मित्राबरोबर पुरुष डबल्स. आणि तुम्ही जी वाटणी लिहिलीय ना, अक्षरशः तीच आम्ही केली होती. मी जाड आणि ताकदवान, तो काटकुळा आणि पळणारा. त्यामुळे पोटतिडकीने लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

"धावणं तिचं" असं काही नसतंच. डबल्समध्ये स्टेशन वाटून घेता येतं, धावणं वाटता येत नाही. आठही किलोमीटर दोघींना बरोबर धावायचंय आणि स्टेशनमध्ये शिरायचंही बरोबरच. म्हणजे जाऊबाई ५:४० ने धावू शकतात याचा घड्याळाला काडीचा उपयोग नाही. तुम्ही ज्या वेगाने धावाल तो जोडीचा वेग.

आता हिशेब करा. ताज्या पायांनी ७:१५ म्हणजे आठ किलोमीटरला ५८ मिनिटं. पण स्लेड तुम्हीच ढकलली, तुम्हीच ओढली, पोतंही तुमच्याच खांद्यावर, तर पुढचे किलोमीटर ७:१५ ने होणार नाहीत. मांड्या भरून येतात, पाय उचलायला सांगितलं तरी ते ऐकत नाहीत. सरासरी ८:३० धरा, झाली ६८ मिनिटं. दहा मिनिटं गेली. उलट स्लेड जाऊबाईंनी ढकलली तर तुमच्यापेक्षा किती हळू ढकलतील? मिनिटभर? दीड मिनिट?

आमचं तेच झालं. पहिल्या स्लेडनंतर मी विजयी वीरासारखा मित्राकडे बघितलं. पाचव्या किलोमीटरला तो माझ्यापुढे उलटा धावत होता, मला धीर द्यायला. मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणून जी जास्त जोरात धावते तिने स्टेशनचं जास्त काम करायचं आणि हळू धावणारीने त्या वेळात दम खायचा. धावताना जाऊबाई निवांतच असणार, तुमच्या वेगाने धावणं म्हणजे त्यांच्यासाठी गप्पा मारत फिरणं. तेव्हा साठवलेली शक्ती त्यांनी स्टेशनवर खर्च करायची. सगळं त्यांच्यावर टाका असं नाही म्हणत. स्लेडच्या ५० मीटरचे साडेबारा-साडेबाराचे चार तुकडे असतात. एक तुकडा तुम्ही, एक त्यांनी. तुमची ६० किलोची डेडलिफ्ट हातातल्या वजनांना वापरा, तिथे पकड लागते, मांड्या फारशा जळत नाहीत.

सरावाचं म्हणाल तर आठवड्यातला एक दिवस फक्त याला: १ किमी धावा, लगेच २० मीटर लंजेस किंवा ३० बैठका, लगेच पुन्हा १ किमी. मध्ये पाणी प्यायला थांबायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा, वाढवत पाचपर्यंत. दुसरा एक दिवस लांब आणि हळू, बोलता येईल इतकंच हळू, आणि नवव्या आठवड्यापर्यंत ते अंतर ९-१० किमी करा. मार्ग आणि स्टेशन यांच्यामध्ये जी ये-जा होते तीही घड्याळात धरली जाते, त्यामुळे एकूण अंतर आठच्या वरच भरतं.

आणखी एक. धावताना हॉलच्या फेऱ्या आपल्या आपणच मोजायच्या असतात. हॉलमध्ये गाणी इतकी मोठ्याने चालू असतात की तिसरी का चौथी हे कळत नाही. एक फेरी कमी धावलात तर दंड बसतो. आधीच ठरवा कोण मोजणार.

---

गुडघ्यांचं बघते

मी फिजिओथेरपिस्ट आहे. टेकडीवाली ताई, बीपीची गोळी चालू आहे हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, मी तिथेच थांबले. सराव वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय करणार आहात ते सांगा, "थोडं जिम" असं नको. स्लेड ढकलताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. दर दोन-तीन पावलांना तोंडाने श्वास सोडायची सवय आतापासून लावा. भांडल्यासारखा आवाज आला तरी चालेल.

लंजेसमध्ये मागचा गुडघा जमिनीला टेकवायचा असतो आणि मग पूर्ण उभं राहायचं असतं. टेकवायचा, आपटायचा नाही. पहिले तीन आठवडे वजनाशिवाय, सतरंजीवर, २० मीटरच्या वर नाही. कणकेची पिशवी त्यानंतर (जाड कापडी पिशवीत घालून शिवून घ्या हो).

पोटऱ्यांकडे कोणी बघत नाही. स्लेडला सगळा जोर चवड्यांवर येतो आणि लगेच धावायचं असतं. जिन्याच्या पायरीवर टाचा खाली सोडून वर उचलायच्या, १५ वेळा, तीनदा, एक दिवसाआड. डबा भाजताना... म्हणजे पोळ्या भाजताना ओट्यापाशीही होतं.

---

लाल माती

मी कोल्हापूरचा. गोरेगावकरांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त सामानाचं बोलतो.

स्लेड नाही म्हणून रडताय कशाला? पंक्चरवाल्याकडं जा, ट्रकचा जुना टायर मागा. त्याला दोर बांधा, दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. मैदानावर ओढत चाला. भरतीची पोरं हेच करत्यात. टायर हलका वाटला तर आत वाळूचं पोतं टाका. दोर कमरेचा सोडून हातानं खेचला की तुमचं ओढायचं स्टेशन झालं. तिथं आखलेल्या चौकोनाबाहेर पाय टाकायचा नसतो म्हणं, तर खडूनं चौकोन आखून उभं राहा. आमच्या आजीनं जन्मभर विहिरीतनं पोहरा वढला, तिला कुणी टी-शर्ट दिला नाही.

गाडी ढकलायचा सल्ला बरेच जण देतील. गाडी चाकावर असती. एकदा हलली की पळती. स्लेड तुम्ही थांबला की थांबती, हा फरक. टायर घासत जातो, म्हणून टायरच बरा.

स्की-अर्गचं म्हणाल तर व्हिडिओ बघितला आणि हसू आलं. तालमीत हौदा (कुस्तीच्या मातीचा आखाडा) फावड्यानं उकरतात, कमरेतनं वाकून अंगाचं वजन टाकायचं, तसंच हे. नुसत्या दंडानं ओढलं की दोनशे मीटरात हात गळणार. जिममध्ये वरून ओढायची केबल आसंल तर तिच्यावर कमरेतनं वाकत ओढा, ४० वेळा, दम खा, परत ४०. बाकी बर्पी म्हणजे आमचा जोर आणि वर एक उडी, वॉल बॉल म्हणजे बैठक आणि हातात चेंडू. रोज ५० बैठका सुरू करा, महिन्यात १५० वर न्या. लई शास्त्र नाही त्यात.

---

श्टुटगार्टहून

इथे रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो. मी जर्मनीत इथल्याच हायरॉक्सला दोनदा एकट्याने धावलो. पहिल्यांदा स्लेडने मला रडवलं. जिममध्ये मी तेवढंच वजन आरामात ढकलायचो, पण जिमचा टर्फ (स्लेडखालची कृत्रिम गवताची पट्टी) घासून गुळगुळीत झालेला. स्पर्धेतला टर्फ गालिच्यासारखा पकडून ठेवतो. म्हणून लाल माती यांचा टायर मलाही पटला, तोही असाच पकडतो. बूट मात्र रबर चांगलं पकडणारे घ्या. जाड मऊ तळव्याचे, पळण्यासाठीचे महागडे बूट माझ्या पायात होते, स्लेडमागे मी जागच्या जागी सायकल चालवत होतो.

ढकलताना हात सरळ ताणून ठेवायचे की कोपरात वाकवून खांदा दांड्याला लावायचा, दोन्ही करून बघा. बुटक्या माणसांना दुसरं सोपं जातं. पावलं छोटी आणि न थांबता.

अजून एक, जुन्या व्हिडिओंमध्ये बायकांना ७५ वॉल बॉल दिसतील. आता १०० आहेत, तुम्ही बरोबर लिहिलंय. लक्ष्य २.७ मीटरवर असतं. भिंतीवर टेपने मोजून खूण करा, अंदाजाने केलेली खूण नेहमी खालीच असते. आणि खाली बसताना मांड्या आडव्या पातळीच्या खाली गेल्या नाहीत तर पंच तो धरत नाहीत. शेवटच्या वीसमध्ये "नो रेप" ऐकणं म्हणजे काय हे ज्याचं त्याला माहीत.

अवांतर: हे सगळं काढणाऱ्या दोघांपैकी एक मोरित्झ फ्युर्स्टे. हा जर्मनीचा हॉकीपटू, २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये २०१३ साली रांचीचा कर्णधार होता आणि रांची तेव्हा जिंकली. ज्याने रांचीच्या उन्हात हॉकी खेळली त्याने शर्यत मात्र हॉलमध्ये ठेवली, यातून काय घ्यायचं ते घ्या.

---

टेकडीवाली

सगळ्यांचे आभार. गोरेगावकर, खरं सांगू? तुमचं उत्तर वाचून मला राग आला. तीन वर्षं घाम गाळून वजनं उचलायला शिकले आणि तुम्ही म्हणता जावेला ढकलू द्या, तुम्ही दम खा. दोन दिवस मी तिला हे सांगितलंच नाही. मग वाटलं, बघू तरी करून.

डॉक्टरांना भेटले. त्यांनी बीपी तपासलं, ईसीजी काढला आणि हो म्हणाले. श्वास सोडत जोर लावते. नवऱ्याने आतल्या खोलीतून विचारलं, "कोणावर चिडलीस?"

---

टेकडीवाली

पाच आठवडे झाले, वृत्तांत देते.

टायर मिळाला. ठाण्याला जावेच्या सोसायटीजवळच्या पंक्चरवाल्याने फुकट दिला, पण काय करणार हे ऐकल्यावर दोनदा विचारलं. हातातल्या वजनांसाठी तेलाचे १५ लिटरचे दोन पत्र्याचे डबे पाण्याने भरले, झाकणं पक्की केली. काट्यावर १६ भरले, अगदी नेमके. फक्त डब्याची कडी बोटांत रुतते, म्हणून फडकं गुंडाळलं. कणीक आता जुन्या जीन्सच्या पायात शिवलीय, दोन्ही टोकं गाठ मारून. खांद्यावर मस्त बसते. ती कणीक खायची नाही असं घरात जाहीर केलंय.

मग दोन रविवारी, मध्ये पंधरा दिवस सोडून, अर्धी तालीम केली. सोसायटीच्या कंपाउंडला पाच फेऱ्या म्हणजे जवळपास १ किमी. चार किलोमीटर आणि मध्ये चार स्टेशनं: टायर दोर कमरेला बांधून, टायर हाताने खेचून, तेलाचे डबे, लंजेस.

पहिल्या रविवारी माझ्या वाटणीने. चारही स्टेशनं मी. जाऊ बाजूला उभी राहून केस बांधत होती. माझे किलोमीटर: ७:१०, ७:५५, ८:४०, ९:०५. चौथ्याला मी पार्किंगच्या खांबाला धरून उभी होते आणि ही बाई शेजारी जागच्या जागी उड्या मारत "ताई, चला ना" म्हणत होती. गोरेगावकर, तुम्ही मित्राला काय म्हणाला असाल ते मला कळलं.

दुसऱ्या रविवारी तुमच्या वाटणीने. टायरचे तीन तुकडे तिने, एक मी. डबे पूर्ण मी. लंजेस तिने साठ मीटर, मी चाळीस. कणकेचं पोतं एकीच्या खांद्यावरून थेट दुसरीच्या, जमिनीला टेकवायचं नाही हे सुद्धा पाळलं. किलोमीटर: ७:२०, ७:३५, ७:४५, ७:५०. धावण्यात २ मिनिटं २० सेकंद वाचली. स्टेशनांवर ती माझ्यापेक्षा एकूण १ मिनिट १० सेकंद हळू होती. म्हणजे निव्वळ १:१० ची बचत, तीही अर्ध्या शर्यतीत. पंधरा दिवसांचा सराव त्यात धरायला हवा, मान्य. पण दुसऱ्या वेळी मी शेवटी बोलू शकत होते, हा फरक मला त्या आकड्यांपेक्षा मोठा वाटला.

आणि टायर ओढताना जावेचा चेहरा बघण्यासारखा होता. पहिल्या तुकड्याला टायर हललाच नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने दात आवळले, खाली वाकली आणि निघाली. वरच्या मजल्यावरून भावजी टाळ्या वाजवत होते. आता ती तांदूळ स्वतः ओतते म्हणे.

बर्पी मात्र दोघींनाही जमत नाहीत. ८० मीटर म्हणजे केवढं हे कंपाउंडमध्ये मोजल्यावर आम्ही दोघी जरा वेळ गप्प बसलो. त्याबद्दल कोणी सांगेल का? पाच-पाच मारून बदलावं की दहा-दहा? दर वेळी छाती जमिनीला लावून उठताना मला गरगरतं.

फेऱ्या मोजायचा प्रश्न सुटलाय. सासूबाई खुर्ची टाकून खाली बसतात, मांडीवर जपमाळ. मणी ओढून मोजतात. गेल्या रविवारी आम्ही चार फेऱ्यांत स्टेशनला वळलो तर "एक राहिली" म्हणून दोघींना परत पाठवलं.

---

गुडघ्यांचं बघते

गरगरणं म्हणजे आधी डॉक्टरांना परत फोन, मग बर्पी. त्यांनी हो म्हटलं की तीन-तीन मारून बदला. उठताना आधी एक पाय पुढे, मग दुसरा, मान शेवटी वर. वेळ जाऊ दे.

---

गोरेगावकर

७:५०! ताई, आमचा चौथा किलोमीटर याहून वाईट होता.

बर्पीत जाऊबाईंना ५० मीटर द्या, त्यांचे पाय ताजे असतील. आणि सासूबाईंचं तिकीट काढा. प्रेक्षकांचं वेगळं मिळतं. जपमाळ आणायला सांगा.